ॲनाफिलीस स्टीफेन्सी

ॲनाफिलीस स्टीफेन्सी ही डासांच्या ॲनाफिलीस वंशातील एक जाती आहे. भारतीय उपखंड, इराण आणि अरबी द्वीपकल्प हा तिचा पूर्वापार प्रदेश असून भारतातील शहरांमध्ये हिवताप अर्थात मलेरिया पसरविणारी ती प्रमुख जाती मानली जाते. हिवतापाचे बहुतेक वाहक डास ओढे, कालवे, डबकी, भातखाचरे अशा ठिकाणी वाढतात. त्यामुळे हिवताप हा ग्रामीण भागाचा आणि जंगलपट्ट्याचा रोग आहे, असा समज रूढ आहे. स्टीफेन्सी डास मात्र माणसाने साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. विहिरी, हौद, गच्चीवरील टाक्या, पिंपे आणि बांधकामाच्या ठिकाणी साचलेले पाणी ही त्याची नेहमीची उत्पत्तिस्थाने आहेत. या सवयीमुळे हिवताप दाट वस्तीच्या शहरांतही टिकून राहू शकतो. २०१२ पासून हा डास आफ्रिका खंडातील अनेक देशांत आढळू लागला असून तेथील शहरांच्या दृष्टीने तो मोठा धोका समजला जातो.

नाव आणि शोध

इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर विल्यम ग्लेन लिस्टन यांनी १९०१ मध्ये या जातीचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. त्या काळी ते वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील अचलपूर, येथे कार्यरत होते. तेथील ॲनाफिलीस डासांच्या सवयींचे त्यांनी वर्षभर निरीक्षण केले आणि त्यावरील लेख ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हिवतापावर संशोधन करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन विल्यम वॉटसन स्टीफेन्स यांच्या सन्मानार्थ या जातीला ‘स्टीफेन्सी’ हे नाव मिळाले. लिस्टन पुढे मुंबईत प्लेगवरील संशोधनासाठी प्रसिद्धीस आले.

हिवतापाच्या संशोधनातील हा अत्यंत महत्त्वाचा कालखंड होता. फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फाँस लाव्हरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला होता. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे ॲनाफिलीस डासाच्या जठराच्या भिंतीत या परजीवीची वाढ दिसली. पुढच्याच वर्षी त्यांनी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापाचे डासातील संपूर्ण चक्र उलगडले. मानवी हिवतापाचे चक्र ॲनाफिलीस डासात पूर्ण होते, हे इटलीतील जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९८ मध्ये सिद्ध केले. रॉस यांना १९०२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डास हाच हिवतापाचा वाहक आहे हे कळल्यानंतर पुढचा प्रश्न होता, तो नेमका कोणता डास आणि तो कोठे वाढतो? लिस्टन यांच्यासारख्या निरीक्षकांचे काम या प्रश्नाशी निगडित होते.

वर्गीकरण

डास हे कीटक वर्गाच्या द्विपंखी गणातील क्युलिसिडी कुलात मोडतात. या कुलात सुमारे ३,५०० जाती आहेत. त्यांपैकी साडेचारशेहून अधिक जाती ॲनाफिलीस वंशात असून त्यांतील ३० ते ४० जातीच मानवी हिवतापाच्या महत्त्वाच्या वाहक आहेत. मानवी हिवतापाचा प्रसार फक्त याच वंशातील डास करतात.

स्टीफेन्सी जातीचे तीन प्रकार ओळखले जातात : मूळ प्रकार, मध्यम प्रकार आणि मायसोरेन्सिस. प्रौढ डास दिसायला सारखेच असल्याने हे प्रकार अंड्यांवरून ओळखावे लागतात. अंड्याच्या दोन्ही बाजूंना हवेने भरलेले तरंडक असतात. त्यांवरील आडव्या कंगोऱ्यांची संख्या मूळ प्रकारात सर्वांत जास्त आणि मायसोरेन्सिस प्रकारात सर्वांत कमी असते. भारतात मूळ प्रकार शहरांत आढळतो आणि तो हिवतापाचा कार्यक्षम वाहक आहे. मायसोरेन्सिस प्रकार ग्रामीण भागात, मुख्यतः जनावरांच्या रक्तावर जगतो. भारतात त्याचा रोगप्रसारातील वाटा फारच कमी आहे. इराणमध्ये मात्र हाच प्रकार वाहक म्हणून नोंदवला गेला आहे.

शरीररचना आणि ओळख

इतर डासांप्रमाणेच या डासाच्या शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग पडतात. वक्षाला पायांच्या तीन जोड्या आणि पंखांची एकच जोडी असते. पंखांची मागील जोडी आखूड मुसळीसारख्या अवयवांत रूपांतरित झालेली असून तिचा उपयोग उडताना तोल सांभाळण्यासाठी होतो. नराच्या शृंगिका पिसासारख्या झुपकेदार असतात, तर मादीच्या शृंगिकांवर विरळ केस असतात.

ॲनाफिलीस वंशातील डास बसण्याच्या ढबीवरून साध्या डोळ्यांनी ओळखता येतो. क्युलेक्स व एडिस डास भिंतीवर बसले असता त्यांचे शरीर भिंतीला जवळपास समांतर असते. ॲनाफिलीस डास डोके खाली व उदर वर करून भिंतीशी कोन करून बसतो. ॲनाफिलीसच्या मादीमध्ये सोंडेच्या दोन्ही बाजूंचे स्पर्शक जवळजवळ सोंडेइतके लांब असतात. क्युलेक्स आणि एडिसच्या माद्यांत ते अगदी आखूड असतात. स्टीफेन्सी जातीच्या पंखांवर काळे-पांढरे ठिपके असतात. पायांवर तसेच स्पर्शकांवरही पांढरे ठिपके असून स्पर्शकांवर पांढरे पट्टेही असतात. ॲनाफिलीस वंशातील जाती एकमेकींपासून वेगळ्या ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज लागते.

जीवनचक्र

डासाच्या आयुष्याच्या अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात. पहिल्या तीन अवस्था पाण्यात पार पडतात.

अंडी : मादी पाण्याच्या पृष्ठभागावर सुटी सुटी अंडी घालते. एका वेळी साधारणपणे ५० ते २०० अंडी घातली जातात. अंड्याचा आकार होडीसारखा असतो आणि तरंडकांमुळे ते पाण्यावर तरंगते. उबदार हवामानात साधारण दोन दिवसांत अंड्यातून अळी बाहेर पडते. एडिस डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला अनेक महिने जिवंत राहू शकतात. ॲनाफिलीसची अंडी इतका दीर्घकाळ कोरडेपणा सहन करू शकत नाहीत.

अळी : अळी चार वेळा कात टाकून वाढते. क्युलेक्स आणि एडिसच्या अळ्यांना श्वसनासाठी शेपटीकडे एक नळी असते आणि त्या पाण्यात डोके खाली करून तिरप्या लटकतात. ॲनाफिलीसच्या अळीला अशी नळी नसते. ती उदराच्या शेवटाजवळील श्वसनरंध्रांनी थेट हवा घेते, म्हणून ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. पृष्ठभागावरील शेवाळाचे सूक्ष्म कण व जिवाणू हे तिचे अन्न आहे. चाहूल लागताच, किंवा पाण्यावर सावली पडताच, ती चटकन तळाशी जाते. त्यामुळे टाकीत वरवर डोकावून पाहणाऱ्याला अळ्या दिसतीलच असे नाही.

कोष : स्वल्पविरामाच्या आकाराचा हा कोष काहीही खात नाही, परंतु हालचाल करू शकतो. एक ते दोन दिवसांत कोष फाटून प्रौढ डास बाहेर पडतो.

प्रौढ : अंड्यापासून प्रौढ डास तयार होण्यास उबदार हवेत साधारणपणे ८ ते १२ दिवस लागतात. हा काळ पाण्याच्या तापमानावर आणि अन्नाच्या उपलब्धतेवर अवलंबून असतो. नर काही दिवसच जगतात. मादी अनुकूल हवामानात दोन ते चार आठवडे जगू शकते. आठवड्यातून एकदा पाण्याची सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा जो ‘कोरडा दिवस’ आरोग्य विभाग पाळण्यास सांगतो, तो या कालगणनेवरच आधारलेला आहे. अंड्यापासून डास होण्याआधीच पाणी ओतून दिले, तर साखळी तुटते.

आहार आणि सवयी

नर आणि मादी दोघेही फुलांतील मकरंद व वनस्पतींच्या रसावर जगतात. रक्त फक्त मादी पिते, कारण अंड्यांच्या वाढीसाठी तिला रक्तातील प्रथिनांची गरज असते. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, घामातील व त्वचेवरील रसायनांचा गंध आणि शरीराची उष्णता यांच्या साहाय्याने ती आपले भक्ष्य शोधते. सोंडेच्या आवरणात सुईसारखे सहा अवयव असतात. त्यांपैकी काही त्वचा कापतात, एकातून लाळ सोडली जाते आणि एकातून रक्त ओढले जाते. लाळेतील द्रव्यांमुळे रक्त गोठत नाही. चावल्यानंतर येणारी खाज ही या लाळेला शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. हिवतापाचा परजीवी माणसाच्या शरीरात शिरतो तो या लाळेबरोबरच.

स्टीफेन्सी मादी मुख्यतः संध्याकाळपासून रात्रीच्या पूर्वार्धात चावते. ती घरात तसेच गोठ्यातही विश्रांती घेते. माणूस आणि गाई-म्हशींसारखी जनावरे या दोहोंचे रक्त तिला चालते. जेथे जनावरे जवळ असतात, तेथे ती त्यांच्याकडे अधिक वळते. शहरातील दाट वस्तीत तिला माणूसच सर्वांत सहज उपलब्ध असतो.

हिवतापाचा प्रसार

हिवताप हा प्लाझ्मोडियम या एकपेशीय परजीवीमुळे होतो. स्टीफेन्सी डास प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम आणि प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स या दोन्ही प्रमुख जातींचा प्रसार करतो.

रुग्णाचे रक्त पिताना परजीवीच्या नर व मादी अवस्था डासाच्या जठरात जातात. तेथे त्यांचे मीलन होऊन जठराच्या भिंतीवर पुटके तयार होतात. ही पुटके फुटल्यावर बाहेर पडणारे हजारो स्पोरोझोइट डासाच्या लाळग्रंथींत पोहोचतात. या प्रवासाला २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात साधारण ८ ते १२ दिवस लागतात. हवा थंड असेल तर हा काळ लांबतो आणि सुमारे १६ ते १८ अंशांखाली परजीवीची डासातील वाढ जवळपास थांबते.

म्हणजेच रुग्णाचे रक्त प्यायलेली मादी लगेच रोग पसरवू शकत नाही. त्यासाठी तिला आणखी दीड-एक आठवडा जगावे लागते, आणि बहुतेक माद्या तेवढे जगत नाहीत. रोगाचा प्रसार त्या थोड्या दीर्घायुषी माद्यांवर अवलंबून असतो. घरातील भिंतींवर कीटकनाशक फवारण्यामागे हाच विचार आहे. प्रत्येक डास मारता आला नाही, तरी डासांचे सरासरी आयुष्य थोडे घटले की रोग पसरविण्याइतक्या वयाच्या माद्यांची संख्या झपाट्याने कमी होते.

माणसाच्या शरीरात स्पोरोझोइट प्रथम यकृतात जातात. तेथे वाढ झाल्यानंतर परजीवी रक्तात उतरून तांबड्या पेशींवर हल्ला करतात. या पेशी ठरावीक काळाने एकदम फुटतात, तेव्हा थंडी वाजून ताप येतो आणि नंतर घाम सुटून तो उतरतो. व्हायव्हॅक्स हिवतापात परजीवीचा काही अंश यकृतात सुप्त राहतो आणि कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप उलटू शकतो. म्हणून रक्तातील परजीवी नष्ट करणाऱ्या औषधाबरोबर यकृतातील परजीवीसाठी प्रायमाक्विनसारखे वेगळे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावे लागते. फाल्सिपेरम हिवतापात मेंदू, मूत्रपिंड आदी अवयवांना इजा होऊन मृत्यू ओढवू शकतो. हिवतापाचे निदान रक्ततपासणीनेच होते.

इतर डास आणि त्यांचे रोग

घरात एकाच वेळी अनेक जातींचे डास असू शकतात, परंतु त्यांची उत्पत्तिस्थाने, चावण्याची वेळ आणि पसरविले जाणारे रोग वेगवेगळे असतात.

एडिस इजिप्ती : काळ्या शरीरावर आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास मुख्यतः दिवसा चावतो. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका आणि पीतज्वर हे विषाणुजन्य रोग तो पसरवितो. त्याची वाढ स्टीफेन्सीप्रमाणेच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होते. कुंड्यांखालच्या बशा, जुने टायर, शीतपेट्यांचे ट्रे यांसारख्या अगदी थोड्या पाण्याच्या जागाही त्याला पुरतात.

क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस : गटारे, सेप्टिक टाक्या आणि तुंबलेले घाण पाणी ही याची उत्पत्तिस्थाने. रात्री चावणारा हा डास हत्तीरोगाच्या जंतांचा प्रसार करतो.

क्युलेक्स विष्णुई गट : भातशेतीतील पाण्यात वाढणारे हे डास जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुक्कर व बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांकडून माणसाकडे आणतात.

ॲनाफिलीस क्युलिसिफेसिस : भारताच्या ग्रामीण भागातील हिवतापाचा हा मुख्य वाहक आहे. तो कालवे, नदीपात्रातील डबकी आणि शेतातील पाण्यात वाढतो.

गटारे साफ केली की डासांचा त्रास कमी होतो, हे क्युलेक्सच्या बाबतीत खरे आहे. परंतु शहरातील हिवताप आणि डेंग्यूचे डास गटारात नव्हे, तर पिण्याच्या व वापराच्या पाण्यात वाढतात. त्यामुळे स्वच्छ दिसणाऱ्या वस्त्यांतही हे रोग आढळतात.

मुंबईतील हिवताप

शहरी हिवताप आणि स्टीफेन्सी डास यांचा संबंध मुंबईत विसाव्या शतकाच्या आरंभीच तपशिलाने अभ्यासला गेला. मुंबईला १८६० पासून विहार तलावाचे नळाचे पाणी मिळू लागले होते, तरी घरोघरी आणि वाड्यांतून विहिरी वापरात होत्या. शहरातील हिवतापाची चौकशी करणारे डॉक्टर चार्ल्स बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातील हिवतापाला मुख्यतः विहिरी आणि टाक्यांमध्ये वाढणारा स्टीफेन्सी डास कारणीभूत असल्याचे त्यात दाखवून देण्यात आले. त्यानंतर महापालिकेने विहिरी बुजविण्याची किंवा डास शिरणार नाही अशा रीतीने झाकण्याची मोहीम हाती घेतली.

या मोहिमेला विरोधही झाला. अनेक विहिरी धार्मिक विधींसाठी वापरल्या जात आणि काही समाजांच्या श्रद्धेनुसार विधीचे पाणी उघड्या विहिरीतलेच असावे लागे. त्यामुळे काही ठिकाणी विहीर पूर्ण बंद न करता तिला झाकण व उघडझाप करता येणारे छोटे दार ठेवण्याची तडजोड करण्यात आली. गॉर्डन कोव्हेल यांनी १९२८ मध्ये मुंबईतील हिवतापाची पुन्हा सविस्तर पाहणी केली.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३८१ (ब) अन्वये डासांची उत्पत्ती होऊ देणाऱ्या जागामालकांना नोटीस देण्याची व दंड करण्याची तरतूद आहे. पाण्याच्या टाक्यांना घट्ट झाकण असणे आणि तपासणीसाठी टाकीपर्यंत शिडी असणे यांवर महापालिकेचा कीटकनाशक विभाग भर देतो. उंच इमारतीच्या गच्चीवरील टाकीपर्यंत कर्मचाऱ्याला पोहोचताच आले नाही, तर तपासणी कागदावरच राहते, हे त्यामागील साधे कारण आहे.

भारतातील शहरी हिवताप योजना

देशात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. घरांत डीडीटी फवारण्यावर या कार्यक्रमाचा भर होता. १९६० च्या दशकाच्या मध्यास रुग्णसंख्या वर्षाला सुमारे १ लाखापर्यंत खाली आली. परंतु त्यानंतर ती पुन्हा वाढत जाऊन १९७६ मध्ये सुमारे ६४ लाखांवर पोहोचली. ग्रामीण भाग डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या फवारणीचा शहरांत पुरेसा उपयोग होत नव्हता. म्हणून १९७१ मध्ये शहरी हिवताप योजना सुरू करण्यात आली. या योजनेत प्रौढ डासांपेक्षा अळ्यांच्या नाशाला प्राधान्य देण्यात आले.

गोव्यात शहरी हिवतापाचा प्रश्न बांधकामांशी जोडला गेला. सिमेंट-काँक्रीटला मुरवण्यासाठी साठवलेले पाणी, अर्धवट इमारतींच्या मजल्यांवरील तळी, लिफ्टचे खड्डे आणि बांधकामावरील टाक्या यांत स्टीफेन्सी डास वाढतो. तेथेच राहणाऱ्या स्थलांतरित मजुरांपैकी कोणाच्या रक्तात परजीवी असल्यास डास आणि परजीवी एकाच जागी येतात. कामगारांना पुरेसा निवारा, मच्छरदाणी आणि वेळेवर उपचार मिळत नसल्याने रोगाचा पहिला फटका त्यांनाच बसतो. गोव्यात १९९० च्या दशकात बीटीआय हा अळीनाशक जिवाणू आणि अप्लोचायलस ब्लॉकी हा स्थानिक मासा यांचा या डासाविरुद्ध वापर करून पाहण्यात आला.

भारताने २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

आफ्रिकेतील प्रसार

२०१२ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जिबूती या देशात स्टीफेन्सी डास प्रथमच आढळला. जिबूतीत त्या वर्षी हिवतापाच्या केवळ २७ रुग्णांची नोंद झाली होती आणि देश रोगमुक्तीच्या जवळ पोहोचल्याचे मानले जात होते. २०२० मध्ये नोंदवलेल्या रुग्णांची संख्या ७३ हजारांहून अधिक होती. या वाढीमागे इतर कारणेही असली, तरी या डासाचे आगमन हे त्यांपैकी एक प्रमुख कारण समजले जाते. त्यानंतर इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया आणि घाना या देशांतही तो सापडला. इथिओपियातील दिरे दवा शहरात २०२२ मध्ये कोरड्या ऋतूत हिवतापाची साथ आली. तिचा संबंध या डासाशी असल्याचे संशोधनातून पुढे आले. श्रीलंकेला २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापमुक्त घोषित केले आणि त्याच वर्षी देशाच्या उत्तरेकडील मन्नार बेटावर हा डास आढळला.

आफ्रिकेतील मूळच्या वाहकांशी तुलना केली असता या धोक्याचे स्वरूप स्पष्ट होते. ॲनाफिलीस गॅम्बिए हा तेथील मुख्य वाहक प्रामुख्याने पावसाच्या पाण्याच्या डबक्यांत वाढतो, रात्री उशिरा घरात चावतो आणि त्यामुळे कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या त्याच्याविरुद्ध उपयोगी पडतात. स्टीफेन्सी कोरड्या ऋतूतही साठवलेल्या पाण्यात वाढतो, संध्याकाळी लोक मच्छरदाणीत जाण्यापूर्वीच चावू शकतो आणि अनेकदा घराबाहेर किंवा गुरांच्या निवाऱ्यात विसावतो. आफ्रिकेत सापडलेल्या स्टीफेन्सी डासांत कीटकनाशकांच्या अनेक गटांना प्रतिकारशक्ती आढळली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, हा डास आफ्रिकेत सर्वत्र पसरल्यास तेथील शहरांतील आणखी सुमारे १२ कोटी ६० लाख लोकांना हिवतापाचा धोका निर्माण होऊ शकतो. हिवतापाने २०२३ मध्ये जगभरात सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले असून त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील होते. या पार्श्वभूमीवर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या डासाबाबत इशारा दिला आणि २०२२ मध्ये त्याचा आफ्रिकेतील प्रसार रोखण्यासाठी विशेष उपक्रम सुरू केला.

नियंत्रण

उत्पत्तिस्थाने नष्ट करणे हा या डासाच्या नियंत्रणाचा मुख्य मार्ग आहे. त्यासाठी पुढील उपाय वापरले जातात.

पाणी झाकणे व रिकामे करणे : टाक्यांना घट्ट बसणारी झाकणे, वाहत्या नळ्यांच्या तोंडाला जाळी, वापरात नसलेल्या विहिरींवर जाळी किंवा आच्छादन आणि पिंपे आठवड्यातून एकदा घासून कोरडी करणे.

जैविक उपाय : गप्पी आणि गॅम्बुझिया हे मासे अळ्या खातात. विहिरी, कारंजी, शोभेचे हौद यांत ते सोडले जातात. गॅम्बुझिया हा परदेशी मासा नैसर्गिक जलाशयांत गेल्यास स्थानिक मासे व बेडकांच्या पिल्लांना त्रासदायक ठरतो, म्हणून तो बंदिस्त पाण्यापुरताच वापरणे योग्य ठरते. बीटीआय जिवाणूपासून तयार केलेली अळीनाशके डासांच्या अळ्यांच्या आतड्यावर परिणाम करतात.

रासायनिक उपाय : टेमेफॉससारखी अळीनाशके ठरावीक प्रमाणात पाण्यात टाकली जातात. धूरफवारणीने उडणारे डास तात्पुरते कमी होतात, मात्र पाण्यातील अळ्यांवर तिचा परिणाम होत नाही. त्यामुळे साथीच्या वेळी धूरफवारणी लोकांच्या नजरेत भरत असली, तरी ती एकटी पुरेशी ठरत नाही. डीडीटी व मॅलेथिऑन यांसह अनेक कीटकनाशकांना हा डास दाद देईनासा झाल्याच्या नोंदी भारतात आहेत.

रुग्णोपचार : रुग्णाच्या रक्तातील परजीवी लवकर नष्ट झाला की डासाला संसर्ग होण्याचा स्रोतच बंद होतो. म्हणून तापाच्या प्रत्येक रुग्णाची तत्काळ रक्ततपासणी आणि पूर्ण मुदतीचा उपचार हा नियंत्रणाचाच भाग मानला जातो.

पाणी साठवण्याची गरज मुळात पाणीपुरवठ्याच्या पद्धतीतून निर्माण होते. जेथे नळाला दिवसातून काही तासच, किंवा काही दिवसांआड पाणी येते, तेथे पिंपे व टाक्या भरून ठेवण्यावाचून पर्याय नसतो. अशा वस्त्यांत पाणी ओतून द्या हा सल्ला पाळणे कठीण असते. तेथे झाकणांची सोय करणे आणि पुरवठा नियमित करणे हे उपाय अधिक परिणामकारक ठरतात. या अर्थाने शहरी हिवताप हा आरोग्य खात्याइतकाच पाणीपुरवठा आणि बांधकाम खात्याचाही विषय आहे.

संशोधनातील उपयोग

स्टीफेन्सी डास प्रयोगशाळेत सहज वाढवता येत असल्याने हिवतापाच्या संशोधनात त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो. ॲनाफिलीस वंशातील डासामध्ये स्थिर जनुकीय बदल घडवून आणण्याचा पहिला यशस्वी प्रयोग २००० साली याच जातीवर करण्यात आला. डासांतील विषाणू व परजीवींची वाढ रोखणारा वोल्बाकिया हा जिवाणू या जातीत पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरण्यात २०१३ मध्ये यश आल्याचे प्रसिद्ध झाले. परजीवीची वाढ रोखणारी जनुके डासांच्या पुढील पिढ्यांत वेगाने पसरविणाऱ्या तंत्राचा प्रयोगशाळेतील प्रयोगही २०१५ मध्ये याच जातीवर झाला. क्षीण केलेल्या स्पोरोझोइटपासून हिवतापाची लस बनविण्याच्या प्रयत्नांत निर्जंतुक वातावरणात वाढवलेले स्टीफेन्सी डास वापरले जातात.